रिकाम्या फ्रेम्स

टिटवीचं घरटं बांधलेलं नसतं. मुरमाड जमिनीत पायांनी उकरलेली बशीएवढी खळगी, कडेला मांडल्यासारखे खडे आणि मध्ये मातकट रंगाची, काळ्या डागांची चार अंडी, एवढंच. २०१४ च्या मे महिन्यात मालखेड तलावाच्या आटलेल्या काठावर असं एक घरटं मला सापडलं. त्याच्यापासून चार फुटांवर मी माझा कॅमेरा मांडला आणि स्वतः चाळीस पावलं मागे, बाभळीच्या विरळ सावलीत जाऊन बसलो. पाखराला आपला जराही त्रास नाही, इतर फोटोवाल्यांपेक्षा आपण किती जपून काम करतो, असं मला तेव्हा मनापासून वाटत होतं. पुढची दोन वर्षं मी हेच इतरांनाही सांगत राहिलो. ते चूक होतं. कसं चूक होतं आणि ते मला कधी कळलं, ते लिहायला बसलो आहे.

आधी कॅमेरा आपोआप चालवणाऱ्या डबीविषयी लिहितो, कारण सगळं तिच्यावरच उभं होतं.

अमरावतीच्या एका महाविद्यालयात मी पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. तारा, मीटर, रेझिस्टर यांच्यात माझा दिवस जाई. २०१२ साली एका ओळखीच्या माणसाकडून जुना निकॉन डी-९० घेतला. या कॅमेऱ्याच्या पुढच्या अंगाला एक लहानशी काळी काच आहे. तिच्यातून तो अवरक्त किरणांचा इशारा ‘ऐकतो’ आणि शटर उघडतो. टीव्हीच्या रिमोटचंच तत्त्व. विकतचा चपटा रिमोट मिळत होता, पण तो एका दाबाला एकच फोटो काढतो. मला हवा होता दर अर्ध्या मिनिटाला आपणहून फोटो काढणारा. तशी सोय डी-९० मध्ये नाही. म्हणून घरीच करायचं ठरवलं.

मित्राचा रिमोट एका रात्रीसाठी मागून आणला. गावातल्या रेडिओ-टीव्हीच्या सामानाच्या दुकानातून टीएसओपी १७३८ नावाचा रिसीव्हर आणला. टीव्ही दुरुस्त करणारा प्रत्येक जण हा तीन पायांचा तुकडा ओळखतो. त्याचं आउटपुट दोन रेझिस्टरमधून कमी करून कॉम्प्युटरच्या माईकच्या जॅकला दिलं, रिमोटचं बटण दाबलं आणि आवाज रेकॉर्ड करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्या इशाऱ्याचा आलेख पाहिला. सुमारे २ मिलिसेकंद उजेड. मग जवळजवळ २८ मिलिसेकंद अंधार. पुढे ०.४ चा एक ठोका, दीड-पावणेदोनची उसंत, पुन्हा ०.४ चा ठोका, साडेतीनच्या आसपास उसंत, शेवटचा ०.४ चा ठोका. ६३ मिलिसेकंद थांबून हेच सगळं पुन्हा एकदा. आणि ‘उजेड’ म्हटला तो काळ म्हणजे सलग उजेड नव्हेच, त्यात एलईडी सेकंदाला ३८ हजारांहून जास्त वेळा लुकलुकत असतो. ऊन, दिवे, चूल यांच्याही उष्णतेत अवरक्त किरण असतात. त्या गर्दीत आपला इशारा वेगळा कळावा म्हणून ही लुकलुक.

हे सगळं आर्डुइनो नावाच्या, प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डावर बसवताना महिना गेला. एका लुकलुकीला २६ मायक्रोसेकंद, म्हणजे १३ चालू आणि १३ बंद. मी प्रोग्रॅममध्ये बरोबर १३ लिहिले, पण कॅमेरा ढिम्म. पिन चालू-बंद करायच्या सूचनेलाच तीन-चार मायक्रोसेकंद लागतात, ते वजा करायला हवेत, हे लक्षात यायला आठ दिवस गेले. १३ च्या जागी ९ लिहिले आणि रात्री साडेअकराला स्वयंपाकघरात शटरचा ‘खट्’ आवाज झाला. त्या आवाजानं मला झालेला आनंद आजही तसाच आठवतो. त्या आनंदाबद्दल मला काहीच मागे घ्यायचं नाही. मुलीला उठवून मोबाईलच्या कॅमेऱ्यातून एलईडी दाखवला. नुसत्या डोळ्यांना काही दिसत नाही आणि मोबाईलच्या पडद्यावर मात्र जांभळट पांढरा ठिपका चमकतो. ती कितीतरी वेळ एकदा एलईडीकडे आणि एकदा पडद्याकडे पाहत होती.

बाहेर उन्हात हा रिमोट निकामी ठरला. घरात पाच मीटरवरून चालणारा इशारा वऱ्हाडच्या मे महिन्यात दीड मीटरवरही पोहोचेना. एकाचे तीन एलईडी केले, बीसी ५४७ ट्रान्झिस्टर घातला. तरी एक अडचण उरलीच. डी-९० ची ती काच पुढच्या बाजूला, म्हणजे इशारा द्यायला पाखराच्या बाजूला उभं राहायला हवं. शेवटी एलईडीच दोन तारांवर लांब करून काचेसमोर चिकटपट्टीनं बसवला, बोर्ड आणि बॅटरी साबणाच्या डबीत घालून ती डबी तिपाईला बांधली. आता माझी गरजच उरली नाही. डबी चालू करायची, निघून जायचं आणि दीड-दोन तासांनी परत यायचं.

इथे माझ्या डोक्यात जो हिशेब होता तो प्रामाणिकपणे मांडतो. पाखरू माणसाला घाबरतं. माणूस दूर गेला. इशाऱ्याचा उजेड मला दिसत नाही, पाखरालाही दिसत नाही. म्हणजे त्रास शून्य. या हिशेबाला मी मोठमोठ्या नावांचा आधारही शोधला होता. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्यानं १९२० च्या दशकात जंगलाच्या वाटेवर तार आडवी लावून वाघांचे रात्रीचे फोटो मिळवले होते, ते १९२७ साली पुस्तकरूपानं आले. वाघानं स्वतःच तारेला पाय लावायचा आणि स्वतःचा फोटो काढून घ्यायचा. आमच्या मेळघाटात वनखातं झाडांना जे कॅमेरा ट्रॅप बांधतं, तेही समोरून जाणाऱ्या उबदार शरीराचे अवरक्त किरण ओळखूनच चालतात. देशभरातल्या २०१८ च्या व्याघ्रगणनेत असे कॅमेरे २६,८३८ ठिकाणी लावले होते आणि त्यांनी ३ कोटी ४८ लाखांहून जास्त फोटो काढले. २०१४ साली हा आकडा अर्थातच माझ्यापुढे नव्हता, पण मेळघाटातले कॅमेरे पाहिलेले होते, आणि आपणही त्याच मार्गानं चाललो आहोत असं वाटत होतं.

मालखेडच्या त्या दिवशी माझी समजूत एकदा डळमळली होती. मी ती तशीच रेटून नेली. बाभळीखाली बसलो असताना शेळ्या घेऊन एक म्हातारे गृहस्थ आले.

“काय करून राह्यले भाऊ अती?”

“टिटवीचे फोटो काढतोय, काका.”

“अन् थो डबा कायचा ठेवला तती?”

कॅमेरा आहे, आपोआप फोटो काढतो, असं मी सांगितलं. ते काठीवर हात ठेवून बराच वेळ पाहत राहिले.

“थे पाखरू कवाचं इकून तिकून उडून राह्यलं. अंडे तपून राह्यले ना बाप्पा! थे तलावात पोट भिजवून आनते अन् बसते त्याइच्यावर. तुमच्या डब्याले भेते थे.”

“होईल थोड्या वेळात सवय,” मी म्हणालो.

“सवय होईल तवरिक अंड्याइचं का होईल?”

मग जाता जाता त्यांनी सांगितलं, “माहा बाप वखर हाकताना टिटवीचे अंडे दिसले का तेवढी जागा सोडून दे.”

टिटवीनं अंडी उंचवट्यावर घातली तर पाऊस भरपूर, चार अंडी म्हणजे चार महिन्यांचा पाऊस, असं आमच्याकडे मानतात. टिटवी बहुतेकदा चारच अंडी घालते, त्यामुळे या भाकितावर माझा विश्वास नाही. पण त्या समजुतीपायी माणसं अंड्यांना हात लावत नाहीत, वखर वळवून नेतात, ही गोष्ट मी तेव्हा लक्षातच घेतली नाही. शिकलेला मी होतो, आणि पोट भिजवून येण्याची गोष्ट शेळ्या चारणाऱ्या माणसाला माहीत होती. टिटवीच्या नराला आणि मादीला, दोघांनाही ही रीत आहे. कडक उन्हात पाण्यात उतरून छाती-पोटाची पिसं ओली करायची, अंड्यांवर येऊन बसायचं, ओलाव्यानं ती थंड ठेवायची. पक्ष्याच्या अंड्यातला जीव साधारण ३६ ते ३८ अंशांत वाढतो. चाळिशीच्या वर फार वेळ गेला तर तो मरतो. आमच्याकडे मे महिन्यात सावलीतला पाराच ४४-४५ अंशांवर असतो, उघडा मुरूम तर त्याहून कितीतरी तापतो. थंड प्रदेशात पक्षी अंडी उबवतात, इथे मे महिन्याच्या दुपारी ती निववावी लागतात. एवढं साधं पदार्थविज्ञान, आणि मी पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेतला माणूस.

त्या दिवशी मला हवा तो फोटो मिळाला. टिटवी अंड्यांवर उभी, पंख किंचित पसरलेले, चोच उघडी, लाल डोळकडा थेट भिंगाकडे रोखलेल्या. मी त्याला ‘मायेची सावली’ असं नाव दिलं. तो मोठा करून प्रदर्शनात लावला, लोकांनी फार नावाजला. ‘इतक्या जवळून कसा काढलात?’ असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी साबणाची डबी दाखवत असे. सहा जणांना तशी डबी मी स्वतः करून दिली, पैसे न घेता, तारा कशा जोडायच्या ते शिकवून. सहाही जण पुढे कुठल्या ना कुठल्या घरट्यावर गेले.

तिसऱ्या दिवशी मी मालखेडला पुन्हा गेलो तेव्हा खळगी रिकामी होती. टिटवीची पिल्लं अंड्यातून निघाल्यावर काही तासांतच चालू लागतात, तेव्हा पिल्लं निघाली आणि गेली, असं मी मनाशी म्हटलं आणि गाडीला किक मारली. पण पिल्लं घेऊन हिंडणारी टिटवी माणसाला काठावर पाय ठेवू देत नाही. डोक्यावर घिरट्या घालून ओरडून तलाव दणाणून सोडते. त्या सकाळी माझ्यावर कुणी ओरडलं नव्हतं. ही शांतता मला ऐकू आली होती. तिचा अर्थ लावायचा मी टाळला.

२०१६ साली अकोल्याच्या काही हौशी छायाचित्रकारांनी मला घरगुती रिमोटवर बोलायला बोलावलं. दाखवायला काहीतरी हवं म्हणून मालखेडचं ते जुनं फोल्डर उघडलं. त्यातला एक फोटो मी वेगळा काढला होता, बाकीचे कधी पाहिलेच नव्हते. माझी डबी न चुकता दर तीस सेकंदांनी कसं काम करते हे दाखवायला सगळ्या फ्रेम्स ओळीनं लावाव्यात, असा विचार होता. एकूण २१४ फ्रेम्स होत्या.

पहिली फ्रेम १० वाजून १२ मिनिटांची. चार अंडी. दुसरी तीच. तिसरी तीच. मी कळ दाबत राहिलो. कॅमेऱ्याच्या तिपाईच्या एका पायाची सावली पहिल्या फ्रेममध्ये खळगीच्या डाव्या कडेवर होती, ती हळूहळू आखडत, सरकत चालली होती. अंडी मात्र उन्हात. चाळिसावी फ्रेम. साठावी. ऐंशीव्या फ्रेमच्या कोपऱ्यात टिटवीचे दोन पाय दिसतात, पुढच्या फ्रेममध्ये ते नाहीत. टिटवी अंड्यांशी आली ती ९९ व्या फ्रेममध्ये. त्या फ्रेमची वेळ ११ वाजून १ मिनिट.

एकोणपन्नास मिनिटं.

पुढेही तेच. पाखरू बसायचं, तीस सेकंदांनी चार फुटांवर शटर खट्कन वाजायचं, ते उठायचं. मी कागद घेऊन मोजलं. २१४ पैकी १५७ फ्रेम्स रिकाम्या. १०७ मिनिटांतली ७८ मिनिटं ती चार अंडी उघडी होती. ‘मायेची सावली’ ही त्यातली १०३ वी फ्रेम. ती मोठी करून पाहिली. पोटाची पिसं भिजून एकमेकांना चिकटलेली, म्हणजे ती पाण्यावर जाऊन आली होती आणि तेवढ्या तापलेल्या अंड्यांवर उभी होती. चोच उघडी होती ती धापेनं. उन्हात टिटवी एरवीही पंख ढाळून सावली धरते, धापा टाकते, ते मला माहीत आहे. पण त्याआधीची ४९ मिनिटं उन्हानं घडवलेली नव्हती. ती मी घडवली होती, आणि मी ज्याला माया म्हटलं त्यात भीतीही होती. म्हाताऱ्या काकांनी जे बाभळीखालून नुसत्या डोळ्यांनी पाहिलं, तेच माझ्या कॅमेऱ्यानं मिनिटामिनिटाला लिहून ठेवलं होतं. ते वाचायला मला दोन वर्षं लागली.

त्या रात्री माझा जुना हिशेब कुठे फसला ते स्पष्ट झालं. रिमोटनं मला चाळीस पावलं दूर नेलं हे खरं. पण मोठ्या भिंगाचा कॅमेरा घेऊन मी स्वतः बसलो असतो तर तीस फुटांच्या आत गेलोच नसतो. रिमोट हाती आला म्हणून कॅमेरा चार फुटांवर गेला. टिटवीच्या दृष्टीनं माणूस दूर गेलाच नाही, त्याच्याऐवजी एक काळं, एका डोळ्याचं, खटखट वाजणारं काहीतरी तिच्या अंड्यांशी येऊन उभं राहिलं. आणि मेळघाटातल्या कॅमेऱ्यांशी मी जे नातं जोडलं होतं, तेही खोटं. तो कॅमेरा वाटेवर असतो. वाघ येतो, आपल्या चालीनं निघून जातो, पटलं नाही तर वाट बदलतो. उबवणारं पाखरू वाट बदलू शकत नाही. अठ्ठावीस-तीस दिवस ते त्या बशीएवढ्या जागेला बांधलेलं असतं. त्याच्याशी काहीही केलं तरी ते परत येतं, आणि आपण म्हणतो, ‘बघा, सवय झाली.’ ते परत येतं ते अंडी तिथे आहेत म्हणून.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या आहे. वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणं हे त्या व्याख्येतच येतं. हे मी आयुष्यात प्रथम तेव्हा वाचलं. बंदुकीऐवजी कॅमेरा घेतला म्हणून अभिमान बाळगणाऱ्या मला ते वाक्य फार लागलं.

अकोल्याला गेलो. आर्डुइनो, एलईडी, तीस सेकंदांचा हिशेब, सगळं सांगितलं, कारण तेच ऐकायला लोक आले होते. मग त्या पहिल्या ९८ फ्रेम्स पडद्यावर लावल्या, सेकंदाला दोन. एकोणपन्नास सेकंद सभागृहात कुणी बोललं नाही. शेवटी एकानं विचारलं, “म्हणजे घरट्याचे फोटो काढायचेच नाहीत का?” मी म्हणालो, मी काढणार नाही. त्यांना ते पटलं नाही. अभ्यासाला नोंदी लागतात, असं त्यांचं म्हणणं होतं. ते बरोबरच आहे. रानपिंगळ्याचंच घ्या. १८८४ नंतर ११३ वर्षं या पक्ष्याची खात्रीची नोंद नव्हती. १९९७ साली पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना तो शहाद्याजवळ सापडला, नंतर आमच्या मेळघाटातही आढळला. त्याच्या ढोलीचा अभ्यास झालाच पाहिजे. पण परवानगी घेऊन, वर्षानुवर्षं त्या पक्ष्याचं वेळापत्रक टिपत बसणारा अभ्यासक वेगळा आणि रविवारी सकाळी डबी बांधून येणारा मी वेगळा. अकोल्याच्या त्या कार्यक्रमानंतर महिनाभरानं एक ओळखीचे गृहस्थ मेळघाटातल्या रानपिंगळ्याच्या ढोलीसाठी माझी डबी मागायला आले. दोन वर्षांपूर्वी मी ती हौसेनं दिली असती, कदाचित सोबतही गेलो असतो. मी नाही म्हटलं. आमचं बोलणं तेव्हापासून बंद आहे.

ज्या सहा जणांना डब्या दिल्या होत्या त्या सगळ्यांना फोन केले. दोघांनी ऐकून घेतलं आणि घरट्यावर जाणं सोडलं. एकानं डबी परत आणून दिली. तिघांनी ऐकलं नाही. त्यातल्या एकानं मला माझाच जुना फोटो पाठवला. त्याचं बरोबर होतं. तो रस्ता मीच दाखवला होता, आणि तो परत घेता येत नाही, याची बोच गेलेली नाही. ‘मायेची सावली’ मी भिंतीवरून काढली.

डबी मोडली नाही. तिचा काही दोष नव्हता. त्या वर्षीच्या खरिपात भातकुलीकडच्या एका मित्राच्या शेतात पऱ्हाटीच्या एका फुलासमोर ती लावली, दोन मिनिटांना एक फ्रेम. कपाशीचं फूल सकाळी दुधी-पिवळसर उमलतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होऊन मिटतं. वऱ्हाडातल्या प्रत्येक शेतकऱ्यानं हे आयुष्यभर पाहिलेलं असतं, पण रंग चढताना कुणी पाहत नाही. तो एका मिनिटात पडद्यावर चढताना दिसला तेव्हा मित्राचे वडील खुर्ची ओढून पुढे आले आणि पुन्हा लावायला सांगितलं. पुढे बोंड फुटतानाचंही केलं. पऱ्हाटीला कॅमेऱ्याची भीती नाही.

तुमच्यापैकी कुणाकडे घरट्याचे फोटो असतील, रिमोटनं काढलेले असोत की हातानं, तर एक विनंती आहे. रिकाम्या फ्रेम्स निरुपयोगी म्हणून पुसू नका. पहिल्या रिकाम्या फ्रेमची वेळ लिहा, पाखरू परत बसलं त्या फ्रेमची वेळ लिहा, आणि वजाबाकी करा. माझी ४९ मिनिटं आली.